वैशाखात भरणारे ख्रिस्तमंदिर

चैत्राची पालवी जून होऊ लागली, आंब्याला पाड लागला आणि शाळेच्या दाराला कुलूप पडले, की सीमाभागातील आमचे गाव दुपारच्या झोपेत गेल्यासारखे दिसू लागते. कचेऱ्या मंदावतात, बाजारपेठ बारा ते चार ओस पडते आणि गुरेदेखील सावली सोडायला तयार नसतात. अशा दिवसांत गावाच्या कडेला असलेली एक लहानशी वास्तू मात्र वर्षातील इतर कोणत्याही ऋतूपेक्षा अधिक जागी असते. ती म्हणजे तेथील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती बांधवांचे मराठी ख्रिस्तमंदिर.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नव्हे. आमच्या शाळेत अनेक वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका या मंदिराच्या मंडळीतील वडीलधाऱ्या. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणून ओळखते. त्यांच्या आग्रहावरून २०२५ च्या उन्हाळ्यात ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत त्या मंदिरात आमचे वारंवार जाणे झाले. तेथे जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण त्या लहान मंडळीपुढे जो प्रश्न उभा राहिला आहे तो तिचा एकटीचा नाही. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या प्रत्येक मराठी घराचा तो आहे.

पंचांगाशी नाते

ख्रिस्ती लोकांचा नाताळ तेवढा आपल्याला ठाऊक असतो. तो २५ डिसेंबरला ठरलेला. ईस्टरचे तसे नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही पडतो. चंद्राच्या कलेवर चालणारा हा हिशेब आपल्या तिथींच्या हिशेबाहून फारसा परका नाही. २०२५ साली १२ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि बरोबर आठ दिवसांनी, २० एप्रिलला, ईस्टर आला. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी ख्रिस्ताचे स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट. त्याआधीचे चाळीस दिवसांचे उपवासपर्व यात धरले, तर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा सारा उन्हाळा या मंडळीच्या उपासनेने व्यापलेला असतो.

मंदिर जांभ्या दगडाचे, वर मंगळुरी कौले. आत दोन्ही बाजूंना जुने बाक, समोर एक साधे टेबल, त्यामागे लाकडी क्रूस. मूर्ती नाही, चित्र नाही. एका कोपऱ्यात हार्मोनियम, शेजारी तबला आणि झांजा. इतर दिवसांत नऊ वाजता होणारी मराठी उपासना उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच सुरू होते, कारण त्यानंतर कन्नड उपासना असते आणि दहाच्या पुढे कौलांखाली बसवत नाही. पाळकसाहेब एकच, त्यांची मायबोली कन्नड. मराठी शास्त्रपाठ ते सावकाश, पण स्पष्ट वाचतात. दाराशी एक वृद्ध गृहस्थ येणाऱ्या प्रत्येकाला 'सलाम' म्हणून हात पुढे करतात. मराठी ख्रिस्ती समाजाचा हा जुना अभिवादनाचा रिवाज त्यांच्यापुरता तरी टिकून आहे.

दोनशे वर्षांचा मागोवा

'ही इंग्रजांबरोबर आलेली मंडळी' असे म्हणून या समाजाची बोळवण करण्याची आपल्यात एक सवय आहे. इतिहास थोडा निराळा आहे. बेळगाव येथे लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली रेव्हरंड जोसेफ टेलर यांनी सुरू केले. पुढे १९०४ साली ते अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनकडे गेले. १९८१ मध्ये भारतातील मेथॉडिस्ट चर्च स्वायत्त झाले आणि परदेशी मिशनशी असलेले जुने नाते बदलले. म्हणजे बेळगावातील या परंपरेला दोनशे वर्षे उलटून गेली आहेत.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला याहून जवळची एक खूण सांगता येईल. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले, तेथील मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्माही बेळगावातच घेतला. हिंदू विधवांच्या दुःखाची कहाणी सांगणारे ते पुस्तक मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान सांगते. मराठी कादंबरीच्या उगमापाशी या सीमेवरच्या शहराचा एक ख्रिस्ती मुलगा उभा आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना शिकवताना आपण सहसा विसरतो.

दुसरी खूण पंडिता रमाबाईंची. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यातला. मराठी आईबापांच्या पोटी कन्नड मुलखात जन्मलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजावी अशी सोपी मराठी हा त्यांचा हट्ट होता. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले, त्याआधी ते काम हातावेगळे झाले होते. सीमा ओलांडून मराठी जपणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला सुचत नाही.

उत्तम शुक्रवार आणि पहाटेची स्मशानवाट

उपवासपर्वात दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या घरी सायंप्रार्थना होते. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. मुले हातात झावळ्या घेऊन गात मंदिराला फेरी घालतात. त्यानंतरचा शुक्रवार मात्र कडक. ख्रिस्ताने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांवर दुपारी बारा ते तीन अशी सलग उपासना. एप्रिलचे ऊन ऐन भरात, पंख्यांना विजेची साथ असली तर असली. १८ एप्रिलला आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. सात उद्गारांवर सात जण बोलले. त्यांत एक शिंपी, एक परिचारिका आणि एक निवृत्त पोस्टमन होते. पुष्कळांच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हते. 'मला तहान लागली आहे' या अर्थाच्या पाचव्या उद्गारावर परिचारिकाबाई बोलत होत्या. रुग्णालयातील शेवटच्या घटका मोजणारे रोगी पाण्याचा चमचा कसा मागतात, एवढेच त्यांनी सांगितले. मंदिरात पान हलत नव्हते. आम्ही आयुष्यात पुष्कळ व्याख्याने ऐकली. त्या पाच मिनिटांची बरोबरी करणारी थोडीच.

ईस्टरला पहाटे साऱ्यांची पावले दफनभूमीकडे वळतात. आदल्या दिवशी थडगी झाडून, चुन्याने रंगवून ठेवलेली असतात. अंधारात प्रत्येक घर आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावते आणि पूर्व उजळू लागली की पुनरुत्थानाचे गीत सुरू होते. मृत्यूच्या जागी आनंदाचे गाणे गाणाऱ्या त्या लोकांकडे पाहताना धर्मभेद काही काळ आठवत नाही. त्यानंतर मंदिराच्या आवारात प्रीतिभोजन: उपीट, शिरा, चहा आणि पोरांना कोकम सरबत.

मे महिन्यात मंडळीचे रूपच पालटते. पुणे, मुंबई, बंगळुरू येथे नोकरीनिमित्त गेलेली कुटुंबे सुट्टीला घरी येतात. लग्नसराई सुरू होते. एरवी रिकामे राहणारे बाक भरतात आणि बायकांच्या बाजूला बसायला जागा उरत नाही. दानार्पणाची थैली फिरते, पण शेतकरी घरे पैशांबरोबर हंगामाची पहिली जिन्नसही आणतात: आंब्याची पाटी, फणस, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. एका फणसावर दोन साडूंची चढाओढ लागली आणि बाजारात शंभराला मिळणारा तो फणस साडेचारशेला गेला. जिंकलेल्या साडूने तो तेथेच कापून हरलेल्याच्या मुलांना आधी वाढला. कौलांच्या डागडुजीचा खर्च अशाच फणसांतून निघतो, असे खजिनदार हसत म्हणाले.

टिळकांची गाणी

या मंडळीचे खरे धन म्हणजे तिचे गायन. मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' या संग्रहातील गीते म्हणतात आणि त्यांतील बरीच गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. करजगावी १८६१ साली जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून गाण्याच्या रिवाजाला त्यांनी मोठा फाटा दिला आणि ओवी, अभंग, भजन, कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेणाऱ्या लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' तर मराठी घराघरांत पोचलेलेच आहे.

९ मेच्या संध्याकाळी बाईंच्या अंगणात भजन होते. झांजा वाजू लागल्या, एका म्हाताऱ्याने डोळे मिटून अभंग उचलला आणि शेजारची वारकरी मंडळी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तालाची ओळख पटायला त्यांना क्षणही लागला नाही. पण त्याच वेळी आमचे लक्ष पुढे बसलेल्या मुलांकडे गेले. ती खणखणीत आवाजात गात होती. पुस्तक मात्र कोणाच्याच हाती नव्हते. प्रत्येकापुढे एक वही. आम्ही वाकून पाहिले. टिळकांचे मराठी अभंग त्या वह्यांत कन्नड लिपीत लिहिलेले होते.

फणसाच्या लिलावानंतरची सभा

११ मेच्या उपासनेनंतर मंडळीची सभा भरली. बाईंनी आम्हांला मुद्दाम थांबवून घेतले. विषय एकच होता: मराठी उपासना स्वतंत्र चालवावी की कन्नड उपासनेत मिळवून टाकावी?

खजिनदार हा बँकेत नोकरी करणारा तरुण. त्याने शांतपणे आकडे मांडले. मे महिन्यात मंदिर भरते. जुलैत मराठी उपासनेला वीस माणसे जमत नाहीत. पाळकसाहेबांकडे आणखी दोन खेड्यांच्या मंडळ्या आहेत. एका रविवारी चार उपासना त्यांनी किती दिवस चालवाव्यात? "मला मराठीचे वावडे नाही," तो म्हणाला. "पण माझी मुले मराठी बोलतात, वाचत नाहीत. त्यांच्या हाती संगीताचे पुस्तक दिले तर ते उलटे धरले की सुलटे, हे त्यांना कळत नाही. कन्नड ती वाचतात. मग देवाचे वचन त्यांना वाचता येईल त्या भाषेत का नको?"

हा प्रश्न सोपा नव्हता, आणि विचारणारा दुष्टही नव्हता. कन्नड ही या मंडळीला परकी भाषा नाही. निम्म्या सुना कन्नड घरांतून आलेल्या. मोल्सवर्थने मराठी कोश रचला तसा कन्नडचा कोश बासेल मिशनच्या किटेलने १८९४ साली प्रसिद्ध केला. दोन्ही भाषांवर या लोकांचे ऋण आहे. तेव्हा हे भांडण मराठी आणि कन्नड यांचे नव्हतेच. आपल्या हातून काय निसटते आहे याचा तो हिशेब होता.

बाई उठल्या. "पुस्तक उलटे धरले जाते हा पुस्तकाचा दोष नाही, लेकरांचाही नाही," त्या म्हणाल्या. "आपण त्यांना अक्षर दिले नाही. उपासना बंद करायची तर करा, पण आधी आपली चूक तरी दुरुस्त करून पाहा." आणि मग आमच्याकडे वळून, "सर, तुमची शाळा अजून दोन आठवडे बंदच आहे ना?" सभेत हशा पिकला. आम्हांला मात्र हसता आले नाही.

कारण आमच्या सरकारी मराठी शाळेचा पट आमच्या डोळ्यांदेखत उतरत आला आहे. या मंडळीतील एकही मूल त्या पटावर नाही, आणि आम्ही कोणत्या तोंडाने त्यांना दोष द्यावा? आमच्याच घरात राहणाऱ्या पुतण्याची मुलगी इंग्रजी माध्यमात जाते. ती आजीशी मराठीत बोलते आणि आजीला निरोप लिहायचा झाला तर रोमन अक्षरांत लिहिते. घरात मुख्याध्यापक असून हे घडले. आम्ही ते पाहिले आणि 'काळच तसा' म्हणून गप्प बसलो.

दहा दिवसांची अक्षरओळख

उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी बायबलच्या गोष्टी, गाणी आणि हस्तकलेचा वर्ग भरवण्याची प्रथा अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहरातील मोकाट मुलांना सुट्टीत काही चांगले काम द्यावे म्हणून अशा शाळा निघाल्या. तेथून मिशनबरोबर त्या आपल्याकडे आल्या. या मंडळीतही दरवर्षी दहा दिवस तो वर्ग असतो. २०२५ साली त्यात एक तास देवनागरीचा वाढला आणि तो तास आमच्याकडे आला. पहिल्या दिवशी १८ मुले होती. आमच्या पुतण्याची मुलगी एकोणिसावी.

कन्नड वाचणाऱ्या मुलाला देवनागरी शिकवणे हे कोऱ्या पाटीवर लिहिणे नव्हे. वर्णमालेचा क्रम दोहोंचा तोच. आपली बाराखडी ती त्यांची कागुणित. मुलांना आवाज ठाऊक होते, फक्त वेष बदललेला. कन्नडमध्ये पुष्कळ अक्षरांच्या डोक्यावर ज्याचे त्याचे स्वतःचे 'तलकट्टु' असते. मराठीत सारी अक्षरे एकाच शिरोरेषेला लोंबतात. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे!" आम्ही ती उपमा फळ्यावर लिहून ठेवली.

खरी अडचण जोडाक्षरांची. कन्नडमध्ये पहिले व्यंजन पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या पायाशी बसते. देवनागरीत बहुधा पहिलेच अर्धे होऊन दुसऱ्याला टेकते. त्यामुळे 'ख्रिस्त' या शब्दातील 'स्त' पाहून मुलांना स मोडला असे वाटे. र तर मोठा खट्याळ. 'प्रार्थना' या एका शब्दात तो एकदा प च्या पोटाखाली तिरपा बसतो आणि एकदा थ च्या डोक्यावर चढतो. कन्नडमध्ये तोच रफार अक्षराच्या मागे येतो. रोज ज्या शब्दाने मुलांचा दिवस सुरू होतो तोच वाचायला सर्वांत कठीण निघाला. चौथ्या दिवशी एका मुलीने बोट ठेवून 'प्रार्थना' वाचले, तेव्हा सारा वर्ग टाळ्या वाजवत होता.

सारे यश नव्हते. चार मुले मध्येच यायची थांबली; एकाचे वडील सरळ म्हणाले, "सर, याने नोकरी मिळते का?" दहाव्या दिवशी ११ मुले परिचित गीत बोट फिरवीत वाचू शकत होती. अपरिचित मजकूर वाचणारी त्यांतली तीन. आमच्या घरची मुलगी त्या तिघांत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पण त्या दिवशी घरी परतल्यावर तिने आजीच्या औषधाच्या डबीवर चिकटवलेल्या कागदावरील 'सकाळी एक' ही अक्षरे मोठ्याने वाचली. आजीने तो कागद पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

पन्नासावा दिवस

मेच्या अखेरच्या सभेत निर्णय झाला. मराठी उपासना वर्षभर चालू ठेवायची. महिन्यातील एक रविवार दोन्ही भाषांची मिळून एकच उपासना, म्हणजे पाळकसाहेबांचा भारही हलका होईल. रविवारच्या शाळेत अर्धा तास देवनागरीचा. वर्षाने पुन्हा विचार. ठराव खजिनदारानेच मांडला.

८ जूनला पेन्टेकॉस्ट होते. पंचांगात त्याच दिवशी मृग लागत होता. पावसाने त्या वर्षी मे महिन्यातच हजेरी लावली होती आणि कौलांवर एकसारखी सर वाजत होती. पुण्यामुंबईची माणसे परतली होती, शाळा उघडल्या होत्या. तो दिवस पहिल्या संयुक्त उपासनेचा, पण पावसामुळे दोन्ही भाषांची मंडळी थोडीच आली. त्या दिवशी वाचायचा शास्त्रपाठ प्रेषितांच्या कृत्यांतला: नाना देशांची माणसे यरुशलेमेत जमली आहेत आणि प्रत्येकाला शिष्यांचे बोलणे आपापल्या जन्मभाषेत ऐकू येते आहे. एका तरुणाने तो कन्नडमध्ये वाचला. मग वर्गातली तेरा वर्षांची मुलगी मराठी बायबल घेऊन उभी राहिली.

पाठात देशांच्या आणि लोकांच्या नावांची मोठी रांग आहे. पार्थी, मेदी, एलामी येथपर्यंत ती नीट आली. पुढच्या लांबलचक नावापाशी अडखळली. मागे वळून तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी सांगितले नाही. नुसती मान हलवली. मुलीने पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवले, एकेक अक्षर उचलून ते नाव पुरे केले आणि पाठ शेवटास नेला. पुढच्या बाकावरची एक कन्नड आजी तिच्याकडे टक लावून पाहत होती.

उपासना संपल्यावर बाईंनी नोंदवहीत हजेरी मांडली: ३१. मे महिन्यातील गर्दीच्या मानाने ती किरकोळ. जुलैतील आकडा याहूनही खाली जाईल हे त्यांना माहीत होते. त्यांनी वही मिटली आणि आम्हांला विचारले, "पुढच्या उन्हाळ्यात येणार ना, सर?"

आम्ही हो म्हणालो. वाचकांपैकी प्रत्येकाच्या गावी असे मंदिर असेलच असे नाही. पण औषधाची डबी प्रत्येक घरात असते आणि तिच्यावरचा कागद वाचून दाखवायला सांगणारी आजीही पुष्कळ घरांत असते. सुट्टीतला एक तास तेवढा हवा.